काठावर पास झालेला संत

नवा आयफोन सुरू केला की त्यातल्या घड्याळात न विचारता एका गावाची वेळ येऊन बसते. कुपर्टिनो, कॅलिफोर्नियातलं, अ‍ॅपल कंपनीचं गाव. लेक तिथंच राहते, त्यामुळे आम्हाला त्याचं अप्रूप. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे तीन महिने होतो, तेव्हा संध्याकाळी स्टीव्हन्स क्रीकच्या कडेनं फिरायला जायचो. एकदा सहज विचारलं, या गावाला इटालियन वाटावं असं नाव कसं? जावयानं मोबाइलवर शोधून सांगितलं. १७७६ साली आंझा नावाच्या स्पॅनिश कप्तानाची तुकडी या ओढ्याकाठी उतरली होती. तिच्यातल्या पेद्रो फोंत नावाच्या पाद्र्यानं ओढ्याला 'सान होसे कुपर्टिनो' असं नाव दिलं. हा संत, इटालियनमध्ये जुझेप्पे, मूळ इटलीतल्या कोपेर्तीनोचा. त्याला संतपद मिळालं १७६७ साली, म्हणजे नाव तसं ताजंच होतं. पुढे ओढ्याचं नाव बदललं, गावाला मात्र तेच चिकटलं.

"उडायचा म्हणे तो," जावई म्हणाला. "आणि अभ्यासात ढ होता. परीक्षेला बसणारी पोरं त्याला नवस बोलतात."

मी तेहेतीस वर्षं गणित शिकवलं. बोर्डाचे पेपर किती तपासले याची गणती नाही. परीक्षार्थींचा संत, तोही स्वतः ढ, हे ऐकल्यावर गप्प बसवेना. यंदा जूनमध्ये इटलीला जायचं ठरलं, तेव्हा रोम-व्हेनिसच्या टूरला मी साफ नाही म्हटलं. आमचे हे बँकेतून निवृत्त. देवधर्माशी त्यांचा संबंध प्रसादापुरता. ते म्हणाले, "उडणाऱ्या बाबासाठी एवढ्या लांब?" पण आले.

निघायच्या आदल्या दिवशी भाचीचा फोन आला. राज्यसेवेची तिसरी खेप. "मावशी, माझ्यासाठी तिथं एक मेणबत्ती लाव. आजीला सांगू नकोस."

पहिला दिवस: लेच्चे

रोमहून गाडीनं लेच्चेला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. इटलीचा नकाशा बुटासारखा धरला तर हा टाचेचा भाग. इथला दगड मधाच्या रंगाचा आणि इतका मऊ की कारागिरांनी त्यात वेलबुट्टी, फळं, राक्षस, जे सुचेल ते कोरून ठेवलंय. सांता क्रोचे चर्चच्या दर्शनी भिंतीकडे बघताना मान दुखली. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी लिहीत नाही.

जेवणाचं मात्र सांगते. शाकाहारी काय मिळेल विचारल्यावर 'चीचेरी ए त्रिया' समोर आलं. कणकेच्या पट्ट्या हरभऱ्यांबरोबर शिजवलेल्या, त्यातल्या काही तळून वरून घातलेल्या. एक घास घेऊन हे म्हणाले, "अगं, ह्या तर चकोल्या!" फोडणी नाही, गूळ-आमसूल नाही, पण जात तीच. तेवढ्यावर ते प्रदेशाशी समेट करून मोकळे झाले.

दुसरा दिवस: कोपेर्तीनो

लेच्चेपासून कोपेर्तीनो फार तर वीस किलोमीटर. सपाट लाल माती, दगडी बांध, द्राक्षाचे मळे. गावात शिरताच एक धिप्पाड किल्ला लागतो. एवढ्याशा गावाला तो अंगापेक्षा मोठ्या कोटासारखा दिसतो. आम्ही पोचलो तेव्हा दुपार होत आलेली. दुकानं बंद, खिडक्या बंद, रस्त्यावर एक कुत्रं. जूनमधल्या दुपारी सोलापूरला असावं तसं.

संताचं चर्च गावातच, साध्या वस्तीत. ते बांधलंय एका गोठ्याभोवती. १७ जून १६०३ रोजी जुझेप्पे देसा या गोठ्यात जन्मला. बाप फेलिचे, सुतार. आई फ्रांचेस्कीना. घर असताना गोठ्यात का, तर फेलिचे दुसऱ्यांच्या कर्जाला जामीन राहिला होता. कर्जदारांनी पैसे बुडवले आणि घेणेकरी याच्या दारात आले. फेलिचे लपून बसला, घरावर जप्ती येणार होती, आणि दिवस भरलेली बाई शेजारच्या गोठ्यात गेली.

चर्चच्या आत ती जागा राखून ठेवली आहे. दगडी भिंती, बसकं छत, आमच्या स्वयंपाकघरापेक्षा मोठी नसेल. मी हात जोडून उभी होते. मागून आवाज आला, "जामीन. तिथंच चुकला. पस्तीस वर्षं मी लोकांना सांगत होतो, सही करण्याआधी वाचा."

पोरगा मोठा झाला तो सदा तंद्रीत. चालता चालता थांबायचा, आ वासून बघत राहायचा. गावानं नाव ठेवलं 'बोक्कापेर्ता', उघड्या तोंडाचा. बरोबरीची पोरं हसायची. शाळा आजारपणात बुडाली. काही वर्षं अंगावर गळू होऊन तो अंथरुणाला खिळला होता. मग चांभाराकडे उमेदवारीला ठेवला, तिथं जमेना. सतरा वर्षांचा असताना कापुचिन साधूंनी त्याला मठात कामाला घेतलं. तिथं तो हातातली ताटं फोडायचा, चुलीवरची भांडी उपडी करायचा, गव्हाची पोळी आणि राईची पोळी यातला फरक त्याला कळायचा नाही. फुटलेल्या ताटांचे तुकडे त्याच्या झग्याला टाचून त्याला मठात फिरवत असं सांगतात. आठ महिन्यांनी झगा काढून घेऊन हाकलला. तेव्हा कातडी सोलून काढल्यासारखं वाटलं, असं तो पुढे म्हणायचा.

इथं मी जरा थांबले. आमच्याकडे नववीत असा एक मुलगा होता. खिडकीबाहेर बघायचा. मी दर तासाला त्याचं नाव घेऊन विचारायची, "काय, परत आलात का?" आणि वर्ग हसायचा. मला ते विनोदी वाटायचं. दहावीला गणितात तो दोनदा गेला, पुढे काय झालं ठाऊक नाही. ताटाचे तुकडे झग्याला टाचण्यापेक्षा माझी पद्धत सौम्य होती, एवढंच म्हणता येईल.

घरी परतला तर बाप मेलेला, आणि बापाची देणी आता पोराच्या अंगावर. आईनं कडेवर घेऊन कौतुक केलं नाही, उलट झाडलं. शेवटी मामाच्या रदबदलीनं गावाबाहेरच्या ग्रोत्तेल्लाच्या फ्रान्सिस्कन मठात खेचरं सांभाळायला जागा मिळाली. जन्मला गोठ्यात, नोकरीही गोठ्यातच.

संध्याकाळी गाव जागं झालं. चौकात म्हातारे खुर्च्या टाकून बसले. आम्ही कुपर्टिनोहून आलोय, म्हणजे आमची लेक तिथली, असं खुणांनी सांगितल्यावर एकानं खिशातून आयफोन काढून दाखवला आणि छातीवर हात मारला. जणू कंपनी त्याच्याच आजोबांनी काढली होती. दोन्ही गावांचं भगिनी-शहराचं नातं आहे. कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोचं तसंच नातं भुवनेश्वरशीही आहे. ते मी सांगायला गेले, पण 'भुवनेश्वर' त्यांच्या तोंडात बसेना.

तिसरा दिवस: ग्रोत्तेल्ला

सकाळी ऊन चढायच्या आत चालत निघालो. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं, पण बघवत नव्हती. राखाडी, वाळलेली, फांद्या छाटून नुसते बुंधे उरलेले. २०१३ साली या भागात झायलेला नावाचा जिवाणू सापडला. गवतात फेस करून राहणारा एक छोटा किडा तो झाडाझाडांत पसरवतो आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबतात. शेकडो वर्षांची झाडं उभ्या उभ्या वाळून गेली. एका बांधावर एक आजोबा नवी रोपं लावत होते. आम्ही बघतोय हे पाहून त्यांनी जुन्या बुंध्यावर थाप मारली आणि मान हलवली. मैतीला गेल्यावर आपण जशी हलवतो तशी.

मठ छोटासा. मूळची गोष्ट अशी की एका गुराख्याचं वासरू हरवलं, ते शोधताना गुहा सापडली आणि गुहेत मरियमचं चित्र. म्हणून ग्रोत्तेल्ला, लहानशी गुहा. आपल्याकडे गाय पान्हा सोडते आणि खाली पिंडी सापडते. गुराखी नसते तर दोन्हीकडचे देव जमिनीतच राहिले असते.

तर खेचरं सांभाळणारा हा पोरगा. नम्र, कष्टाळू, उपास करणारा. मठातल्यांना तो आवडू लागला आणि त्याला पाद्री करावं असं ठरलं. त्यासाठी परीक्षा आल्या. वाचता जेमतेम यायचं. संपूर्ण शुभवर्तमानात त्याला एकच ओळ नीट समजावून सांगता यायची: 'जिनं तुला वाहिलं ते उदर धन्य.' पहिली परीक्षा घ्यायला नार्दोचे बिशप बसले. प्रथेप्रमाणे त्यांनी पोथी मध्येच कुठंतरी उघडली, बोट ठेवलं आणि म्हणाले, यावर बोल. बोट त्याच ओळीवर.

दुसरी परीक्षा १६२८ च्या मार्चमध्ये पोज्जार्दोला, कास्त्रोच्या बिशपांपुढे. हे कडक म्हणून प्रसिद्ध. पहिल्या काही उमेदवारांनी इतकी चोख उत्तरं दिली की बिशपना वाटलं, सगळी तुकडी अशीच तयार असणार. बाकीच्यांना न विचारताच पास. बाकीच्यांत जुझेप्पे.

मी हे वाचून हसले होते, पण आतून चिडलेही होते. परीक्षक म्हणून ही शुद्ध हलगर्जी. पहिल्या पाच पेपरांवरून गठ्ठ्याला मार्क दिले असते तर बोर्डानं मला घरी बसवलं असतं. हे म्हणाले, "आणि तुझ्या भाचीसाठी तू ह्याच हलगर्जीला मेणबत्ती लावणार आहेस." त्यावर मी काही बोलले नाही.

आता उडण्याचं. ४ ऑक्टोबर १६३०, संत फ्रान्सिसच्या सणाची मिरवणूक. कोपेर्तीनोच्या रस्त्यात जुझेप्पे जमीन सोडून वर गेला आणि लोकांच्या डोक्यांवर अधांतरी राहिला, असं चरित्रांत आहे. मराठी माणसाला १६३० साल सांगावं लागत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत शिवनेरीवर पाळणा हलला होता, आणि तुकोबांचं घर धुऊन नेणारा दुष्काळ त्याच सुमाराचा. तुकोबांचा जन्म १६०८ चा धरतात, जुझेप्पेचा १६०३ चा. एक सदेह वैकुंठाला गेला म्हणतात, दुसरा अर्ध्या वाटेवर जाऊन परत यायचा.

त्यानंतर हे वारंवार होऊ लागलं. येशूचं, मरियमचं नाव कानी पडलं, भजन ऐकलं की किंचाळी फोडायचा आणि वर. भान नसायचं. टाचणी टोचली, चटका दिला तरी कळायचं नाही. खाली आणायचा एकच उपाय होता, मठाधिपतीचा हुकूम. 'आज्ञा' म्हटलं की उतरायचा आणि ओशाळून माफी मागायचा. 'माझा झटका' म्हणायचा त्याला.

मला सगळ्यात आवडली ती झाडाची गोष्ट. अंतोनियो किआरेल्लो नावाचा पाद्री त्याच्याबरोबर मठाच्या बागेत फिरत होता. तो सहज म्हणाला, "देवानं आकाश किती सुंदर केलंय." जुझेप्पे ओरडला आणि ऑलिव्हच्या शेंड्यावर जाऊन गुडघे टेकून बसला. अर्धा तास. फांदी नुसती झुलत होती, चिमणी बसल्यावर झुलते तितकीच. मग भान आलं आणि पुढची पंचाईत झाली. वर जाताना देव होता, उतरायला कोण? किआरेल्लोला शिडी आणावी लागली.

ही शिडी मला खरी वाटते. चमत्कार रचणारा माणूस शिडी रचत नाही.

झुलत्या फांदीवरून मला देहू आठवलं. सासूबाईंबरोबर एकदा बीजेला गेले होते. दुपारी बारा वाजता नांदुरकीचं झाड हलतं, तुकोबा गेले त्याची ती खूण, अशी श्रद्धा. पाय ठेवायला जागा नाही, उन्हानं डोकं तापलेलं. बाराला फुलं उधळली, 'पुंडलिक वरदे'चा गजर झाला. सासूबाई माझं मनगट धरून म्हणाल्या, "हललं, बघितलंस?" मी बघत होते ते सासूबाईंच्या तोंडाकडे. झाडाकडे बघायचं राहून गेलं. हे घरी आल्यावर म्हणाले होते, "मार्चात वारा असतोच." असतो.

ग्रोत्तेल्लाच्या आवारात आम्ही एका झाडाखाली बसून लेच्चेहून आणलेले पास्तिचोत्तो खाल्ले, कस्टर्ड भरलेली जाड करंजीच म्हणा. ते झाड ऑलिव्हचं नव्हतं.

चौथा दिवस: गाडीत

लेच्चे ते अंकोना साधारण सहा तास. निम्मा वेळ उजव्या खिडकीत एड्रियाटिक समुद्र, इतका जवळ की भरतीला रूळ भिजत असतील असं वाटावं. जुझेप्पेला हाच उत्तरेचा पल्ला गाठायला वीस वर्षं लागली आणि त्यातला एकही मुक्काम त्यानं स्वतः निवडला नाही.

वाटेत यांनी माझ्याकडचं चरित्र मागून घेतलं. थोड्या वेळानं बघते तर हातात पेन्सिल.

गर्दी वाढली तशी चर्चला काळजी लागली. १६३८ साली नेपल्सच्या इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याला बोलावलं. आरोप ढोंगी साधुत्वाचा. चौकशीच्या दिवसांत सान ग्रेगोरियो आर्मेनोच्या चर्चमध्ये तो प्रार्थना करत होता. तिथून उडाला तो थेट वेदीवरच्या पेटत्या मेणबत्त्यांत. जोगिणी ओरडल्या, "पेटला, पेटला!" तो तसाच परत आला, काही झालं नाही. चौकशीत दोष निघाला नाही. रोमला पोप आठवे अर्बन यांच्या पायाशी वाकला असताना त्यांच्यासमोरही वर गेला म्हणतात. म्हणजे निर्दोष सुटला. पण सुटल्यावर मोकळा सोडला नाही. १६३९ ते १६५३ असिसीत, मग एके दिवशी अचानक पिएत्रारुब्बियाच्या डोंगरातल्या मठात, तिथं लोक जमायला लागले म्हणून फोसोम्ब्रोनेला, शेवटी १६५७ साली ओझिमोला. पिएत्रारुब्बियात त्याची प्रार्थना दिसावी म्हणून लोकांनी छपराची कौलं उचकटली होती. कोणाला पत्र लिहायचं नाही, कोणाला भेटायचं नाही. गुन्हा एकच, की हा माणूस आवरत नाही.

"हा लाम्बेर्तीनी मला पटला," हे म्हणाले.

लाम्बेर्तीनी म्हणजे संतपदाच्या चौकशीत विरोधी बाजू मांडणारा अधिकारी. लोक त्या पदाला सैतानाचा वकील म्हणतात. साक्षी तपासायच्या, खोट काढायची, शंका उभ्या करायच्या, हे त्याचं काम. जुझेप्पेची फाईल त्याच्याकडे आली होती. पुढे हाच माणूस पोप चौदावे बेनेडिक्ट झाला आणि १७५३ साली त्यानंच जुझेप्पेला 'धन्य' जाहीर केलं, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी. प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार निर्विवाद सचोटीचे होते, असंही त्यानं आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं.

"ऑडिटरनं खुद्द सही केली म्हणजे बघ," हे म्हणाले. मग बराच वेळ समुद्राकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "तरी पण उडी असणार. वेदीवर जायला लागतं किती? चांगली दणदणीत उडी." मीही तसं म्हणू शकते. त्या काळी अंधाऱ्या चर्चमध्ये, मेणबत्तीच्या उजेडात, आधीच भारावलेल्या गर्दीला उडी आणि उड्डाण यांतला फरक काय कळणार. पण अर्धा तास फांदीवर बसणं उडीत बसत नाही, आणि १६५१ साली असिसीत त्याला पाहून जर्मनीचा एक लुथरन सरदार, ब्रुन्सविकचा योहान फ्रीडरिश, कॅथलिक झाला हेही बसत नाही. हाच सरदार पुढे गणिती लाइब्निझचा मालक झाला. कॅल्क्युलस शोधणाऱ्याला पगार देणाऱ्या माणसाची अशी बाजू असते, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटलं नव्हतं.

पाचवा दिवस: ओझिमो

अंकोनाच्या दक्षिणेला, टेकडीवर वसलेलं गाव. खाली स्टेशन, तिथून बसनं वर. आमची पहिली बस चुकली. चूक माझी, उलट्या बाजूच्या थांब्यावर उभी होते. दुसरी यायला तासभर. दरीपलीकडे कास्तेलफिदार्दो दिसत होतं, अकॉर्डियन बनवणाऱ्यांचं गाव. वेळ घालवायला हे सातारच्या भजनी मंडळातल्या पेटीच्या भात्याची कथा सांगत बसले.

ओझिमोकरांना आसपासचे लोक 'बिनडोके' म्हणतात. कारण नगरपालिकेच्या दारात रोमन पुतळे ओळीनं उभे आहेत, एकालाही डोकं नाही. आयुष्यभर ज्याला बिनडोक म्हटलं त्याला ठेवायला नेमकं हेच गाव मिळालं.

चर्च पूर्वी संत फ्रान्सिसच्या नावाचं होतं, आता जुझेप्पेच्या. १६५७ च्या जुलैत त्याला इथं रात्री, लोकांची नजर चुकवून आणलं. मठाबाहेर पाऊल टाकायचं नाही. प्रार्थना खासगी खोलीत. सहा वर्षं, मरेपर्यंत. त्या खोल्या बघायला मिळतात. मी सगळ्यात जास्त वेळ तिथं घालवला. एवढ्याशा खोल्या. उडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर छत किती उंच असावं, याचा विचार इथं कोणी केला नव्हता. शेवटच्या आजारात पायाला डाग देणाऱ्या शस्त्रवैद्यानं साक्ष दिली आहे. पिएरपाओली त्याचं नाव. माणूस खुर्चीत बसलेला, पाय वैद्याच्या गुडघ्यावर, डाग देणं चालू. वैद्याच्या लक्षात आलं की याला काही कळतच नाहीये. वाकून पाहिलं तर खुर्ची आणि माणूस यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा. पाय दाबून पाहिला, खाली जाईना. चर्चभर उडाल्याच्या कथांपेक्षा या वीतभर फटीनं माझ्या अंगावर काटा आला.

शेवटची प्रार्थना १५ ऑगस्ट १६६३ ला, मृत्यू १८ सप्टेंबरला. वय साठ.

खाली तळघरात काचेच्या पेटीत देह ठेवलाय, मुखवटा चढवलेला, अंगात काळा झगा. आणि समोर पोरं. मला वाटलं होतं आपण दोघंच असू, पण जून महिना म्हणजे इथल्या बारावीचा, 'मातुरिता'चा. पाठीवर दप्तरं, कानात इयरफोन, हातात वह्या. एक जण गुडघे टेकून पाठांतर करत होता. दुसरा नुसताच बसलेला, आ वासून. आमच्या परीक्षा केंद्राबाहेरचं सकाळी साडेदहाचं दृश्य, फक्त पालक नव्हते आणि थर्मास नव्हते.

मी मेणबत्ती लावली. हे दोन पावलं मागे उभे होते, पण मेणबत्तीची नाणी त्यांनीच टाकली.

बाजूला वही ठेवलेली होती, मनातलं लिहायला. चाळली. अक्षर ओळखू यायला भाषा लागत नाही. घाईचं, घाबरलेलं, पानाबाहेर पळणारं. 'मातेमातिका' हा शब्द पानापानावर. म्हणजे गणित. इथंही मीच. मी भाचीचं नाव मराठीत लिहिलं आणि परीक्षेचा बैठक क्रमांक. नंतर वाटलं नववीतल्या त्या मुलाचंही लिहावं, पण त्याचं आडनाव आठवेना. पहिलं नाव तेवढं लिहिलं.

मागे एक मुलगी थांबली होती. तिनं पेनाची खूण केली, मी माझं दिलं. तिनं अर्धं पान भरून लिहिलं, मध्ये एकदा डोळे पुसले, दप्तर उचललं आणि पळाली. पेन तिच्याच हातात. जिन्यापर्यंत गेले तेव्हा आठवलं, पर्समध्ये गेली कित्येक वर्षं असतं ते, तपासणीचं लाल पेन होतं.

सहावा दिवस: लोरेतो

ओझिमोहून लोरेतोचा घुमट दिसतो. जुझेप्पे इथं येत असताना वाटेतल्या एका शेतावरून त्याला तो दिसला, घुमटावर देवदूत ये-जा करताना दिसले आणि तो उडून बदामाच्या झाडाशी गेला, अशी गोष्ट. म्हटलं जाऊन यावं.

लोरेतोची कथा आणखी वरताण. नाझरेथमधलं मरियमचं घर देवदूतांनी उचललं, १२९१ साली एड्रियाटिकच्या पलीकडच्या किनाऱ्यावर ठेवलं आणि १२९४ साली इकडे आणलं. आत तीन दगडी भिंती, बाहेरून संगमरवरी कोट. कोटाभोवतीच्या पायरीला दोन चर पडलेत, गुडघ्यावर प्रदक्षिणा घालणाऱ्यांनी शतकानुशतकं पाडलेले. मी एका चरात बोट घातलं, गुळगुळीत. घर हवेतून आलं म्हणून १९२० साली पोपनं लोरेतोच्या मरियमला वैमानिकांची रक्षक नेमलं. पंधराएक किलोमीटरांत उडणारा संत आणि उडणारं घर. वैमानिक जुझेप्पेलाही मानतातच. या टापूत जमिनीवर राहायची पद्धत नसावी.

दगड जहाजानं आले असावेत असंही काही अभ्यासक म्हणतात. आंजेली नावाच्या घराण्यानं आणले, आणि आंजेली म्हणजे देवदूत, म्हणून पुढे देवदूतांनी आणले झालं. हे ऐकून यांचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. यांनी नुसतं "हं" केलं. तीन भिंतींकडे, काळ्या दगडांकडे, दिव्यांच्या काजळीकडे बघत उभे राहिले. मागून लोक ढकलत होते तरी हलेनात.

बाहेर चौकात कॉफी घेताना एकदम म्हणाले, "जप्तीचे लोक यायच्या आत हे तंत्र फेलिचेला कळायला हवं होतं गं."